दक्षिणेकडे तोंड

पत्र्यावर चढायच्या आधी दादारावनं
मयूरीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागितला.
"एकवीस अंश," म्हणाला,
"आपलं गाव तेवढ्यावरच बसलं हाय पृथ्वीवर."
लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली,
गावाला असा काही आकडा आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पॅनल जुनं, टॉवरवाल्यांनी काढून टाकलेलं.
आर्वीच्या भंगारात उताणं पडलं होतं,
एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर.
दादारावनं ते उन्हाकडं वळवलं, मीटर टेकवला,
आकडा उड्या मारत वर गेला.
"जित्तं हाय," म्हणाला,
बैलाचे दात पाहून उठावं तसा उठला.
अठराशे सांगितले, साडेतेराशेला तुटलं.

बॅटरी ई-रिक्षाची, निम्मं आयुष्य जगलेली.
कंट्रोलर मात्र नवा घ्यायला लावला,
राखणदार म्हातारा ठेवू नये म्हणे.
वायरपाशी मी अडले. जाड वायर महाग,
मी म्हटलं बारीक चालेल.
"वयनी, बारक्या पाटातून
शेवटच्या वाफ्यापर्यंत किती पाणी पोचते?"
तेवढं मला कळतं. सतरा मीटर, जाड.
बचतगटाच्या वहीत माझ्या नावापुढं अंगठ्याएवढा आकडा
अन् दहा हप्ते.

राहिलं स्टँड. नवा अँगल परवडेना,
तेव्हा मामंजींचा लोखंडी पलंग आठवला,
गोठ्यात उभा होता, कोंबड्या बसायच्या त्यावर.
रहेमतनं दुपारभरात कापून जोडून दिला.

पॅनल वर चढलं, दक्षिणेकडं तोंड करून,
अन् खाली माझी सासू कौतिकाबाई
सुपातली तूर तशीच टाकून उठली.
"जल्मभर त्याइनं दक्षिणेकडं पाय केले नाही झोपताना,
अन् तू त्याइले यमाकडं तोंड करून
पत्र्यावर उभं केलं वं?"
दादाराव वर पाना हातात घेऊन थांबला.
सूर्य तिकडून जातो, मी म्हटलं.
"मंग जाऊ दे ना त्याले. आपण कायले पाहाचं?"

दोन बल्ब, एक पंखा, मोबाइल. बस.
शेजारचा मारबते येऊन विचारून गेला,
"फ्रिज चालते का?" नाही.
"टीव्ही?" नाही.
"मंग काय कामाचं?"
त्या रात्री साडेसातला लाइन गेली,
साऱ्या गल्लीत फक्त माझ्या मशीनचा पायटा वाजत होता
अन् सुईच्या नेढ्यात दोरा
पहिल्या फटक्यात गेला.
मारबतेच्या सुनेचेच ब्लाउज होते. चार.

वैशाखात वाटलं, आता पाहा मजा.
बाहेर सेहेचाळीस, कुत्री नालीत,
पत्र्यावर पापड भाजून निघाले असते.
आकडा उतरला.
मी दादारावला फोन केला, फसवलंस म्हणून.
"नाही वं वयनी. त्याले उजेड पाह्यजे, ताप नाही.
तापलं का तेही आपल्यावानी गळते."
वहीत मागं जाऊन पाहिलं:
सगळ्यात मोठा आकडा पौषातला,
हरभऱ्यावर दव होतं, मी शाल पांघरून
फडक्यानं काच पुसली होती त्या दिवसाचा.

कौतिकाबाई पंख्याखाली बसत नव्हती.
मग बसली, पण उत्तरेकडं तोंड करून.
मग नुसतीच बसायला लागली.

आषाढात तीन दिवस आभाळ उघडलं नाही.
कंट्रोलरवरचा दिवा लाल,
रात्री पंखा मध्येच थांबला अन्
अंधारात कुणीच काही बोललं नाही.
चौथ्या दिवशी जरा फटफटलं तशी
ती अंगणात गेलेली दिसली,
कमरेवर हात, मान वर पत्र्याकडं.
"उठले का?" तिनं विचारलं,
मला की पलंगाला, कोण जाणे.

दिवा हिरवा व्हायला अजून दोन तास होते.
उठताहेत, मी म्हटलं.